कुलाब्याचे दप्तर

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाच्या परिसरात कापसाच्या वखारींच्या ज्या लांबच लांब ओळी दिसतात आणि तेथेच कॉटन एक्स्चेंजची जी भव्य इमारत उभी आहे, त्यांचे मूळ वसतिस्थान हे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईचा कापूसबाजार भरत असे तो कुलाब्यास. गासड्यांचे ढीग, दलालांची वर्दळ आणि आगीची धास्ती हे सारे तेथेच नांदत होते. पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून शिवडीस नवी जमीन तयार केल्यावर, १९२० नंतरच्या दशकात, हा पसारा इकडे आला. कुलाब्यास असताना त्याला जो एक शेजार होता, तो मात्र जागचा हलला नाही. वऱ्हाड-खानदेशातील पीक ज्याच्या लहरीवर अवलंबून, त्या पावसाची रोजची मोजदाद ठेवणारी कुलाबा वेधशाळा ती हीच.

शहराच्या बाजारपेठेने पावसाशी आपला संबंध पिकापुरताच ठेवला होता, असे मात्र नव्हे. ठरलेल्या मुदतीत छपराच्या मोरीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लावणारा पावसाचा सट्टा येथे इतका बोकाळला होता की, १८९० साली कायद्यात दुरुस्ती करून सरकारला त्याची गणना जुगारात करावी लागली. सटोडियांच्या मोरीचा निकाल त्याच दिवशी पैशांत फिटत असे. वेधशाळेच्या पर्जन्यमापकातील आकड्याला मात्र गिऱ्हाईक मिळायला कधी कधी शंभर वर्षे लागत.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ही वेधशाळा स्थापन केली ती पावसासाठी नव्हे, तर ताऱ्यांचे वेध घेऊन बंदरातील गलबतांना बिनचूक वेळ पुरवावी म्हणून. हवामानाच्या आणि भूचुंबकत्वाच्या पद्धतशीर नोंदी १८४१ पासून, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली, सुरू झाल्या. बाळशास्त्री जांभेकरांनीही येथील कारभार काही काळ पाहिला, आणि अलिबागेजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयातच येथे साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. आधुनिक गणित आणि ज्योतिष मराठी मुलखात पाठ्यपुस्तकांतून आले असे आपण समजतो, परंतु रात्री दिवा घेऊन यंत्राचा काटा वाचण्याच्या या नोकरीचाही त्यात वाटा असला पाहिजे.

या नोकरीतील सर्वांत मोठा प्रसंग घडला, आणि त्या वेळी त्याचे मोल कोणालाच उमगले नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिर्विदाला सूर्यबिंबावर अकस्मात एक प्रखर तेज फुटलेले दिसले, आणि त्यानंतरच्या काही तासांत युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे वेडीवाकडी चालू लागली. कुलाब्यास चुंबकाची नोंद एरवी तासातासाने घेतली जाई. काटा असा भरकटलेला पाहताच तेथील निरीक्षकांनी पंधरा-पंधरा, आणि प्रसंगी पाच-पाच मिनिटांनी वाचने घेण्यास आरंभ केला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचे या आकड्यांत उतरले, ते छापले गेले आणि दप्तरात पडून राहिले. २००३ साली सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अॅलेक्स या संशोधकांनी ते बाहेर काढले, तेव्हा त्या जगप्रसिद्ध सौरवादळाची तीव्रता मोजण्यासाठी कुलाब्याच्या या वहीइतका मोलाचा पुरावा हाती नाही, हे ध्यानात आले. ज्यांनी ती वाचने घेतली, त्यांनी केवळ आपल्या पगाराचे काम चोख केले होते.

१८९६ साली नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक विलक्षण संकट उभे राहिले. शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटत होते, आणि विजेचा प्रवाह सूक्ष्म चुंबकमापकांच्या शेजारी खेळू लागला की साठ वर्षांच्या अखंड मालिकेला कलंक लागणार, हे उघड होते. ट्रामला अडवून धरण्याऐवजी मूस यांनी यंत्रे खाडीपार अलिबागेस नेण्याची तजवीज केली. चुंबकत्वापासून मुक्त अशा पोरबंदरी दगडाची वास्तू तेथे बांधली गेली. मात्र खरी दूरदृष्टी पुढेच आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी नोंदी एकाच वेळी चालू ठेवून त्यांची परस्परांशी रुजुवात घातली गेली, आणि मगच जुने ठाणे उठवले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा मालिकेचा धागा तुटलेला नव्हता. मुक्काम हलवणाऱ्या किती सरकारी कचेऱ्यांनी असा सांधा राखला असेल?

आइसलँडसारख्या उत्तरेकडील द्वीपराष्ट्रात हवामान, भूकंप, ज्वालामुखी, हिमप्रपात आणि पूर या सर्वांवर एकच सरकारी संस्था नजर ठेवते, याचे आपणांस नवल वाटते. परंतु मूस यांच्या काळी कुलाब्याचा संसारही असाच एकत्र होता. पर्जन्य, वायुभार आणि चुंबकत्व यांच्या जोडीला तेथे १८९८ मध्ये मिल्न यांचे भूकंपमापक आले. पुढे वाटण्या झाल्या: हवामान भारतीय हवामान खात्याकडे राहिले, तर भूचुंबकत्वासाठी १९७१ साली स्वतंत्र संस्था निघाली.

मे २०२५ मध्ये कुलाब्यास २९५ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा १९१८ च्या मे महिन्यातील २७९.४ मिलिमीटरांचा उच्चांक मोडला, असे लगोलग सांगता आले ते या दप्तराच्या बळावरच. तरीही एका ठिकाणचा आकडा म्हणजे सबंध शहराचा पाऊस हा समज २६ जुलै २००५ ने कायमचा मोडून काढला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्यास अवघा ७३! लोकांनी तेव्हा वेधशाळेला यथेच्छ शिव्या दिल्या, पण कुलाब्याची नोंद खोटी नव्हती. ढग उत्तरेलाच फुटला होता. त्यानंतर कुलाब्यास डॉप्लर रडार बसले, जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीस दुसरे आले, आणि महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके उभारली. आता कॉटन ग्रीनच्या आसपास किती पाऊस पडत आहे, हे पाव तासाच्या अंतराने कळू शकते. परंतु ही यंत्रे अद्याप लहान वयाची आहेत, हवामानाची सरासरी काढण्यास लागणारी तीस वर्षे त्यांच्या गाठीशी नाहीत. म्हणून आजचा पाऊस नेहमीपेक्षा किती अधिक, असा प्रश्न कोणी केला, तर उत्तरासाठी अजून कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्याच वह्या उघडाव्या लागतात.