मालवाहू गाडी आणि घरची माणसे

पिकअप गाडी जन्मास आली ती माल वाहण्यासाठी. १९२५ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या पाठीमागे कारखान्यातच पोलादी हौदा बसविला आणि ती गाडी २८१ डॉलर किमतीस विकावयास काढली. तत्पूर्वी तेथील शेतकरी मोटारीच्या मागच्या भागी लाकडी हौदे स्वतःच बसवून घेत असत. गाडीत बसावयास पुढे एकच बाक असे. बाकी सारी जागा धान्याची, खताची नि अवजारांची. परंतु ज्याच्या दारात एकच वाहन आहे त्याला ते आठवडाभर मालासाठी आणि सुटीच्या दिवशी मुलाबाळांसाठी वापरावे लागते. ही गरज ओळखून १९५७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘ट्रॅव्हलेट’ ही दुसऱ्या बाकाची जागा असलेली पिकअप काढली. आज अशा दुहेरी केबिनच्या गाड्या जगभर धावतात, आणि भारतातही त्या दिसतात. बाक वाढले, दारे वाढली. पण हौद्याखालच्या कमानी बहुधा मालाच्याच राहिल्या. कुटुंबाच्या तक्रारीचे मूळ तेथे आहे.

रत्नागिरीकडच्या एखाद्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. आंब्याच्या दिवसांत त्याची दुहेरी केबिनची पिकअप पेट्यांनी भरलेली असते आणि भरलेली असताना ती डौलाने चालते. हंगाम संपतो, हौदा रिकामा होतो, आणि त्याच गाडीतून पत्नी, म्हातारी आई व दोन लहान मुले यांना घेऊन तो आंबा घाटाने कोल्हापुरास निघतो. तोच रस्ता, तीच गाडी; पण आता प्रत्येक खड्ड्याला मागचे बाक उडते. आईच्या कमरेत कळ येते, तान्हे मूल झोपेतून दचकून उठते. घरात आणखी एका बाळाची चाहूल लागली की हा प्रश्न केवळ गैरसोयीचा उरत नाही. गाडी विकून दुसरी घ्यावी, तर धंद्याचे साधन जाते. अशा वेळी असलेल्या गाडीतच काय करता येईल, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

भरलेली गाडी मऊ आणि रिकामी गाडी कठीण का, याचे उत्तर कमानीच्या गणितात आहे. कमान ठराविक ताकदीची असते. तिच्यावरचे ओझे मात्र बदलते. ओझे जितके अधिक तितकी कमान अधिक दबते आणि तितके तिचे हेलकावे संथ होतात. ओझ्याने कमान अकरा सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे दीड हेलकावा घेते. तेच ओझे एकतृतीयांशावर आले, की कमान जेमतेम पावणेचार सेंटिमीटर दबते आणि हेलकावे सेकंदाला अडीचहून अधिक होतात. साध्या प्रवासी मोटारीत हा आकडा साधारणतः एक ते दीड या दरम्यान ठेवलेला असतो. मनुष्याच्या देहाला चालण्याच्या लयीची सवय आहे. त्या लयीच्या आसपासचा संथ हेलकावा त्याला सोसतो. बसलेल्या माणसाला खालून वर येणारे सेकंदाला चार ते आठ कंपांचे हादरे सर्वांत अधिक जाचतात, कारण त्या गतीला पोटातील अवयव व पाठीचा कणा स्वतःच थरथरू लागतात. उलटपक्षी, सेकंदाला अर्ध्याहूनही कमी असा अतिसंथ हेलकावा जहाजाप्रमाणे मळमळ आणतो. म्हणजे गाडी जितकी मऊ तितकी चांगली, असेही नाही. हवा आहे तो मध्य.

हा मध्य गाठण्याचे उपाय स्वस्तापासून महागाकडे, एकेक करून योजावेत. पुष्कळ मालक नेमके उलट करतात. गॅरेजात जाऊन प्रथम महागडे सुटे भाग बदलतात आणि ज्या गोष्टीला खर्च नाही तिच्याकडे पाहतही नाहीत.

ती गोष्ट म्हणजे टायरमधील हवा. रस्त्याचा धक्का कमानीपर्यंत पोहोचण्याआधी टायर झेलतो. गाडीची पहिली कमान तीच होय. पिकअपच्या मागच्या टायरांत पूर्ण ओझ्यासाठी पुष्कळ दाबाची हवा भरतात आणि माल उतरल्यावर ती तशीच राहते. अनेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी हवेचे निरनिराळे दाब दिलेले असतात. गाडी थंड असताना मोजून रिकाम्या गाडीचा दाब ठेवला, तर फरक पहिल्याच मैलात जाणवतो. मात्र कारखान्याने सांगितलेल्या दाबाखाली जाऊ नये. कमी हवेचा टायर आतून तापतो आणि वेगात फुटू शकतो. तसेच पुन्हा माल भरण्यापूर्वी हवा वाढविण्याची आठवण ठेवलीच पाहिजे. टायर बदलण्याची वेळ आलीच, तर भक्कम बाजूंच्या मालवाहू टायरांऐवजी लवचिक टायर मिळतात. परंतु त्यांची भार पेलण्याची क्षमता गाडीच्या कमाल ओझ्याला पुरेशी आहे, याची खात्री केल्यावाचून ते घेऊ नयेत.

दुसरे स्थान शॉक-ॲब्सॉर्बरचे. नावावरून तो धक्का गिळतो असे वाटते. वस्तुतः धक्का घेते ती कमान. कमानीने साठविलेली शक्ती तिला परत उसळवू लागते. त्या उसळीला लगाम घालून तिची उष्णता करून टाकणे हे शॉक-ॲब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून जाताना हा लगाम बसतो. तेल गळून गेले, की गाडी एका खड्ड्याबद्दल तीन-चार वेळा डुलते. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिरावली तर ठीक, डुलतच राहिली तर शॉक-ॲब्सॉर्बर संपला असे समजावे. नवे घेताना ‘जितके कडक तितके मजबूत’ ही समजूत सोडावी. अतिकडक शॉक-ॲब्सॉर्बर लहान खड्ड्याचा हादरा जसाच्या तसा केबिनमध्ये पोचवितो. गाडी बहुतेक रिकामी धावत असेल, तर त्या बेताचाच नग घ्यावा, आणि तो एका आसावर दोन्ही बाजूंना एकदमच बदलावा.

तिसरी बाब कमानीची, म्हणजे पाट्यांची. टांग्याच्या काळापासून ही रचना फारशी बदललेली नाही. एकावर एक रचलेले पोलादी पाटे, सर्वांत लांब मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. एक डोळा चासिसला पक्का, दुसरा शॅकलच्या झुलत्या पट्टीला, कारण कमान दबली की लांबते आणि त्या लांबीला वाव हवा असतो. शॅकल गंजून अडकला, डोळ्यातील रबरी बुश दगडासारखे झाले किंवा पाट्यांमध्ये गंज व चिखल बसला, तर पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. मग लहान धक्क्याला कमान हलतच नाही. सारी गाडी हलते. पाटे सोडवून साफ करणे, झिजलेले बुश बदलणे आणि पाट्यांच्या टोकांशी प्लास्टिकचे तुकडे बसविणे एवढ्यानेही जुन्या गाडीची चाल पुष्कळ सुधारते. केबिन चासिसवर ज्या रबरांवर बसविलेली असते, तीही वयोमानाने कडक होतात. ती त्याच वेळी पाहून घ्यावीत.

याच्या पुढची पायरी मात्र जपून टाकावी लागते. ‘एक पाटा काढून टाकू, गाडी मऊ होईल’ हा सल्ला कोणत्याही गॅरेजात मिळतो. गाडी मऊ होते, हे खरे. परंतु काढलेल्या पाट्याचे ओझे उरलेल्यांवर पडते, आणि पुढच्या हंगामात पूर्ण माल भरल्यावर घाटात मुख्य पाटा तुटण्याचा धोका उभा राहतो. दुसरा धोका अधिक छुपा आहे. काही पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यावयाचा हे ठरविणारी एक झडप असते आणि तिचा दांडा मागच्या आसाला जोडलेला असतो. गाडीची मागची बाजू खाली बसली, की माल भरला आहे असे मानून ती मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. पाटा काढल्यामुळे रिकामी गाडीच खाली बसली, तर तीच झडप फसते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. उलट, उंची वाढविली तर भरलेल्या गाडीचा ब्रेक कमी पडतो. म्हणून कमानीत हात घालणाऱ्याने ही झडप आहे की नाही, हे पाहून ती पुन्हा जुळवून घेतलीच पाहिजे.

शास्त्रशुद्ध मार्ग निराळा आहे. पाट्याचा कठीणपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. एका जाड पाट्याऐवजी निम्म्या जाडीचे दोन घेतले, तर दोघांचा मिळून कठीणपणा पहिल्याच्या चौथाईवर येतो. यास्तव वरचे पाटे पातळ व लवचिक ठेवावयाचे आणि खाली एक जाड मदतनीस पाटा असा बसवावयाचा की, रिकाम्या गाडीत तो अलिप्त राहावा व माल भरून कमान दबल्यावरच त्याने टेकू द्यावा. दोन अवस्थांची ही कमान कुटुंब आणि माल या दोहोंची सोय पाहते. ती कुशल पाटेवाल्याकडून, गाडीचे कमाल ओझे सांगूनच करवून घ्यावी. मदतनीस पाट्याच्या जागी रबरी हवेच्या पिशव्याही मिळतात. पण केवळ पिशव्या बसविल्याने रिकामी गाडी मऊ होते, ही समजूत चुकीची आहे. पिशवी कमानीला ताकद देते, मऊपणा नव्हे. मुख्य कमान हलकी केली असेल, तरच तिचा उपयोग.

काही मालक हौद्यात वाळूची पोती टाकतात. या जुन्या युक्तीत तथ्य आहे, पण मर्यादितच. मागच्या कमानीवर रिकामेपणी पाचशे किलो भार असेल आणि दीडशे किलो वाळू टाकली, तर हेलकाव्यांची गती आठव्या हिश्श्याने कमी होते. तेवढ्यासाठी इंधन अधिक जळते आणि थांबावयास अंतर अधिक लागते. पोती घालावयाचीच, तर ती मागच्या आसाच्या नेमकी वर ठेवून घट्ट बांधावीत. सुटलेले पोते अपघाताच्या क्षणी केबिनवर आदळते.

मोटारीच्या चालीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत मॉरिस ओले या इंजिनिअराचे नाव प्रमुख आहे. रोल्स-रॉइस सोडून १९३० साली तो अमेरिकेत जनरल मोटर्सकडे आला. हलविता येणारी वजने लावलेल्या एका प्रयोगाच्या गाडीतून त्याने माणसांना फिरविले आणि पुढची कमान मागच्यापेक्षा किंचित मऊ असावी, असा निष्कर्ष काढला. खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची कमान थोडी चपळ असली, तर ती पुढचीला गाठते आणि गाडी नाक वर-खाली न करता सपाट हेलकावते. रिकाम्या पिकअपमध्ये मागची बाजू ‘थोडी’ नव्हे, फारच चपळ असते. तिला पुढच्या बाजूच्या जवळ आणणे, एवढेच या साऱ्या खटाटोपाचे सार होय.

ओलेच्या प्रयोगातून मालकाने आणखी एक धडा घ्यावा. अंतिम परीक्षक हे माणसाचे शरीर आहे. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्याने, त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी. परीक्षेस चालकाने स्वतः न बसता मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे मत घ्यावे; हाती चक्र असणाऱ्यास पुढचा खड्डा आधी दिसतो आणि त्याचे शरीर नकळत सावरून बसते. मागे बसलेल्या म्हातारीला ती सवड मिळत नाही.

तथापि काही गोष्टी कोणत्याही कमानीने साधत नाहीत. एकेरी केबिनमध्ये चौथ्या माणसाची जागा निर्माण होत नाही, आणि मुलांना हौद्यात बसविणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. हौद्याला पट्टा नाही, छप्पर नाही. साध्या वळणावर मूल बाहेर फेकले जाऊ शकते. गरोदर स्त्रीने पट्टा टाळू नये. त्याचा खालचा भाग पोटाखाली, कमरेच्या हाडांवर यावा आणि वरचा छातीच्या मधून जावा. तान्ह्या मुलासाठी मागे तोंड करून बसविण्याची आसने मिळतात. ती पुढच्या बाकावर, चालू एअरबॅगसमोर कदापि ठेवू नयेत. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यावाचून वा बालआसनावाचून नेणे हा दंडनीय अपराध आहे. कुटुंब वाढून पट्ट्यांपेक्षा माणसे अधिक झाली, की गाडीची मर्यादा संपली असे समजावे. मग दोन फेऱ्या कराव्यात किंवा एस.टी.चे तिकीट काढावे.

पूर्वी माहेरवाशिणीला बाळंतपणासाठी बैलगाडीतून आणताना गाडीत पेंढा पसरीत, त्यावर गोधडी घालीत आणि गाडीवानाला बैल पळवू नको म्हणून बजावीत. त्या गाडीला कमान नव्हती. पण आतल्या माणसाचा विचार होता. आज हवा मोजण्याचे यंत्र, दोन अवस्थांची कमान आणि बेताचा शॉक-ॲब्सॉर्बर हाती आहेत, आणि गाडीवानाला दिलेली ती ताकीदही तितकीच उपयोगाची आहे. आंबा घाट उतरताना बागायतदाराने रिकाम्या गाडीचा वेग थोडा आवरला, तर म्हातारीच्या कमरेला त्याच दिवशी आराम पडेल. पाटेवाल्याचे काम त्यानंतर सवडीने होऊ शकते.