डिस्क मोठी केली आणि फाइल सिस्टीम हळू झाली, असं का?

२००० सालच्या आसपास ग्रिगोरी ऑर्लोव्ह या प्रोग्रामरच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. फाइल सिस्टीमवरची काही कामं छोट्या फाइल सिस्टीमवर झटपट व्हायची आणि मोठ्या फाइल सिस्टीमवर रेंगाळायची. डेटा तेवढाच, काम तेच, फक्त ज्या पार्टिशनवर ते करायचं ती मोठी. बहुतेकांनी "मोठी डिस्क आहे, वेळ लागणारच" म्हणून सोडून दिलं असतं. पण नीट विचार केला तर वेळ लागायचं काही कारण नाही. रिकामी जागा जास्त आहे म्हणून दहा फाइली पुसायला उशीर का व्हावा?

या प्रश्नाच्या उत्तरातून जो अल्गोरिदम आला तो आज लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्येही आहे. तुमच्या लॅपटॉपवर उबंटू असेल तर बहुधा आत्ताही चालू आहे. सिस्टीम्समध्ये रिसर्च करायचा विचार असेल तर हे प्रकरण एकदा नीट समजून घ्या. कोड थोडा आहे, कल्पना सोपी आहे, आणि त्यातले आकडे कसे वाचायचे हा भाग तर फारच शिकण्यासारखा आहे.

आधी आयनोड म्हणजे काय ते पटकन बघू. फाइलचा आयनोड म्हणजे फाइलचा सातबारा. मालक कोण, आकार किती, परवानग्या काय, आणि डेटा डिस्कवर कुठल्या ब्लॉकमध्ये पडलाय, एवढं त्यात असतं. नाव मात्र त्यात नसतं. नाव असतं डिरेक्टरीत. डिरेक्टरी म्हणजे नाव आणि आयनोड नंबर यांच्या जोड्यांची यादी. डिरेक्टरी ही स्वतःही एक फाइलच, त्यामुळे तिलाही आयनोड लागतो. म्हणजे एक फाइल उघडायची तर डिरेक्टरीचा आयनोड, डिरेक्टरीचा डेटा, फाइलचा आयनोड, मग फाइलचा डेटा, असा प्रवास असतो. हे चारही डिस्कवर जवळजवळ असले तर बरं. लांब असले तर फिरत्या डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत राहतं.

जुन्या युनिक्सच्या फाइल सिस्टीममध्ये ते धावतच होतं. १५० एमबीची फाइल सिस्टीम असेल तर सुरुवातीचे ४ एमबी सगळे आयनोड आणि पुढचे १४६ एमबी डेटा, अशी रचना होती. सातबारे सगळे जिल्ह्याच्या कचेरीत आणि जमिनी गावोगावी! मॅकक्युझिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी बर्कलीमध्ये यावर उपाय काढला. त्यांचा १९८४ चा फास्ट फाइल सिस्टीमवरचा पेपर आजही वाचनीय आहे. त्यांनी डिस्कचे सिलिंडर ग्रुप पाडले. प्रत्येक ग्रुपमध्ये स्वतःचे आयनोड, स्वतःचे डेटा ब्लॉक आणि कोणते मोकळे आहेत ते सांगणारे बिटमॅप. थोडक्यात, प्रत्येक भागाला आपला तलाठी. ब्लॉकचा आकार वाढवणं वगैरे बाकीचे बदलही होते, आणि सगळं मिळून डिस्कच्या क्षमतेच्या ४७ टक्क्यांपर्यंत वेग गाठता आला. आधीचा आकडा अगदी एकेरी टक्क्यांत होता.

आता ग्रुप पाडले म्हटल्यावर प्रश्न येतो, कुठली गोष्ट कुठल्या ग्रुपमध्ये ठेवायची? फाइलींसाठी नियम सोपा: फाइलचा आयनोड शक्यतो तिच्या डिरेक्टरीच्याच ग्रुपमध्ये. डिरेक्टरीसाठी मात्र उलटा नियम होता. ज्या ग्रुपमध्ये सरासरीपेक्षा जास्त आयनोड मोकळे आहेत त्यांतून, सर्वांत कमी डिरेक्टऱ्या असलेला ग्रुप निवडायचा आणि नवी डिरेक्टरी तिथे टाकायची. हेतू चांगला होता. प्रत्येक डिरेक्टरीला वाढायला मोकळं रान मिळावं, म्हणजे तिच्या फाइली तिच्याजवळच राहतील. एकाच ग्रुपमध्ये सगळी गर्दी झाली तर ग्रुप पाडून काय मिळवलं?

पण या नियमाचा परिणाम काय होतो बघा. "सर्वांत कमी डिरेक्टऱ्या असलेला ग्रुप" हा नवीन डिरेक्टरीच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच तिच्या आईबापांपेक्षा वेगळा निघतो. एका प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पाच उपफोल्डर केले तर ते पाच वेगळ्या ग्रुपमध्ये जातात. झाड एकत्र दिसतं ते फक्त आपल्याला. डिस्कवर त्याची पानं पूर्ण माळरानभर उडालेली असतात.

१९८४ मध्ये हे चाललं, कारण माळरानच लहान होतं. १५० एमबीचे ८-८ एमबीचे तुकडे केले तर ग्रुप होतात १९. ऑर्लोव्हने ज्या दुसऱ्या मशीनवर मोजमाप केलं तिथे फाइल सिस्टीम सुमारे ४० जीबीची होती, ग्रुप ८ एमबीचेच, आणि त्यांची संख्या पाच हजारांवर गेली होती. नियमात एक अक्षर बदललं नव्हतं, त्याखालची जमीन बदलली होती.

ऑर्लोव्हची चाचणी अगदी साधी होती. ओपनबीएसडी २.८ चं पोर्ट्स कलेक्शन टारमधून उलगडायचं आणि मग सगळं पुसायचं. त्यात ६,५९६ डिरेक्टऱ्या आणि १३,८६८ फाइली. सॉफ्ट अपडेट्स चालू असताना ८ जीबीच्या फाइल सिस्टीमवर उलगडायला जुन्या पद्धतीने ४१३ सेकंद लागत होते, नव्या पद्धतीने २५२. पुसायला २४१ चे ३८ झाले. ४० जीबीवर उलगडणं ३४१ वरून ४०.६ सेकंदांवर आलं आणि पुसणं २८४ वरून ४.७६ सेकंदांवर. म्हणजे जवळजवळ ६० पट!

हा ६० चा आकडा बघून पहिली प्रतिक्रिया "वा!" अशी येते. दुसरी प्रतिक्रिया "हे कसं शक्य आहे?" अशी यायला हवी. डिस्कचं हेड कमी फिरलं एवढ्याने ६० पट होत नाही. मग उरलेलं कुठून आलं?

कागदावर हिशेब करून बघू. ६,५९६ डिरेक्टऱ्या पाच हजारांहून जास्त ग्रुपमध्ये पसरल्या म्हणजे दर ग्रुपला एखाददुसरी. प्रत्येक ग्रुपमध्ये काही पुसायचं तर त्या ग्रुपचा बिटमॅपवाला ब्लॉक वाचा, आयनोडचा ब्लॉक वाचा, बदला, परत लिहा. ८ केबीच्या एका ब्लॉकमध्ये १२८ बाइटचे ६४ आयनोड मावतात, पण इथे त्यातले तीन-चारच कामाचे. तरी ब्लॉक पूर्ण आणावा लागतो. पाच हजार आयनोड ब्लॉक म्हणजे ४० एमबी नुसते आयनोड, आणि वर तितकेच ग्रुपचे ब्लॉक. त्या काळच्या साध्या मशीनची सगळी मेमरी शे-सव्वाशे एमबी, त्यातला एक हिस्सा बफर कॅशला. कॅश भरतो, जुना ब्लॉक बाहेर फेकला जातो, थोड्या वेळाने तोच परत लागतो. हेच २०,००० च्या आसपास आयनोड दाटीवाटीने ठेवले तर ३२० ब्लॉकमध्ये बसतात, म्हणजे अडीच एमबी. इतकी दाटी प्रत्यक्षात होत नाही, पण काही डझन ग्रुपमध्ये काम भागतं. सगळं कॅशमध्ये मावतं आणि डिस्ककडे सारखं जावंच लागत नाही.

ऑर्लोव्हने स्वतःच ही दोन कारणं वेगळी मांडली होती: एक, ग्रुप एकमेकांपासून लांब असल्याने होणारा उशीर, दोन, ग्रुप जास्त असल्याने मेटाडेटासाठी लागणारे बफर. माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि लोक तेच विसरतात. सगळीकडे ही गोष्ट "हेड कमी फिरतं म्हणून वेग वाढतो" एवढ्यावरच सांगितली जाते.

उपाय काय केला? नवी डिरेक्टरी शक्यतो आईबापांच्याच ग्रुपमध्ये ठेवायची. बस्स. पण एवढंच केलं तर जुन्या नियमाला ज्याची भीती होती तेच होईल, सगळी गर्दी एका ठिकाणी. म्हणून तीन बंधनं घातली. पहिलं, रूटच्या थेट खाली असलेल्या डिरेक्टऱ्या मुद्दाम वेगवेगळ्या ग्रुपमध्ये पाठवायच्या, कारण दोन युझरच्या होम डिरेक्टऱ्यांचा किंवा दोन पहिल्या पातळीच्या झाडांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दुसरं, ग्रुपमध्ये मोकळे आयनोड आणि मोकळे ब्लॉक सरासरीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी झाले असतील, किंवा डिरेक्टऱ्या फारच झाल्या असतील, तर पुढचा ग्रुप बघायचा.

तिसरं बंधन मला सगळ्यात आवडतं. काही प्रोग्राम आधी डिरेक्टऱ्यांचा पूर्ण सांगाडा उभा करतात आणि फाइली नंतर भरतात. स्क्विड प्रॉक्सीचा कॅश हे नेहमीचं उदाहरण: १६ डिरेक्टऱ्या, प्रत्येकीत २५६, म्हणजे ४,०९६ रिकाम्या डिरेक्टऱ्या एका दमात. त्या क्षणी ग्रुप रिकामाच दिसतो, कारण फाइली अजून यायच्या आहेत. सगळ्या डिरेक्टऱ्या तिथेच बसतात आणि नंतर फाइलींना जागा उरत नाही. ऑर्लोव्हच्या सुरुवातीच्या आवृत्त्या नेमक्या इथे अडल्या. मग त्याने दर ग्रुपसाठी मेमरीत एक छोटा काउंटर ठेवला. डिरेक्टरी तयार झाली की तो एकाने वाढतो, फाइल तयार झाली की एकाने कमी होतो. काउंटर मर्यादेला टेकला की पुढची डिरेक्टरी दुसरीकडे. मर्यादा काढताना अंदाज धरलाय, एका डिरेक्टरीत सरासरी ६४ फाइली, एक फाइल सरासरी १६ केबी. म्हणजे एका डिरेक्टरीसाठी १ एमबी राखीव, आणि ८ एमबीच्या ग्रुपमध्ये फाइलींविना लागोपाठ सात-आठ डिरेक्टऱ्या. काउंटर डिस्कवर लिहीत नाहीत, माउंट करताना शून्यापासून सुरू. भविष्यात काय येणार हे माहीत नसताना नुकत्याच घडलेल्या गोष्टींवरून अंदाज बांधायची ही पद्धत किती स्वस्तात पडली बघा. ग्रुपमागे एक बाइट!

आता परत त्या ६० पटींकडे. एप्रिल २००१ मध्ये मॅकक्युझिकनेच हा बदल फ्रीबीएसडीमध्ये घेतला. ज्याच्या पेपरमधला नियम बदलला गेला, त्यानेच. सोबत त्याने स्वतःच्या चाचण्यांचा निकालही नोंदवला: फाइल सिस्टीमवर ताण देणाऱ्या नेहमीच्या कामांमध्ये ५ ते १२ टक्के सुधारणा.

६० पट की ५ टक्के? दोन्ही खरे आहेत. पोर्ट्स कलेक्शनमध्ये दर डिरेक्टरीमागे फाइली जेमतेम दोन. जुन्या नियमाला सर्वांत जास्त त्रास होईल असंच हे झाड आहे, कारण त्याचा नियम डिरेक्टरीगणिक ग्रुप बदलतो. आणि नव्या पद्धतीतला काउंटर इथे आड येतच नाही, एक डिरेक्टरी आली की मागोमाग दोन फाइली येऊन तो खाली आणतात. त्यात पुसायच्या कामात फाइलींच्या डेटाला हातच लागत नाही, सगळं काम मेटाडेटाचं. त्यात ४० जीबीची फाइल सिस्टीम. सगळं एका बाजूला जुळून आलं. मॅकक्युझिकच्या मोजमापात या सगळ्याचं नेहमीचं मिश्रण होतं. तुम्ही एखादा पेपर वाचताय आणि त्यात "अमुक पट वेगवान" असं दिसलं, तर आधी कामाचं वर्णन वाचा: डिरेक्टरीमागे फाइली किती, डेटा किती, मेमरी किती. वेगाचा तक्ता त्यानंतर. व्हायव्हामध्ये परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात. आणि ५ टक्के म्हणजे कमी असंही समजू नका. एवढ्या थोड्या कोडमधून फाइल सिस्टीमच्या नेहमीच्या कामांत ५ टक्के मिळणं ही मोठी गोष्ट आहे, मॅकक्युझिकचंही मत तेच होतं.

लिनक्समध्ये हाच विचार २.५ च्या काळात ईएक्सटी२ मध्ये आला, मग ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ मध्ये. तिथे सिलिंडर ग्रुपच्या जागी ब्लॉक ग्रुप असतात, ४ केबी ब्लॉक असेल तर १२८ एमबीचे. ईएक्सटी४ त्यातले १६ ग्रुप एकत्र बांधून त्यांचे बिटमॅप आणि आयनोड एका जागी ठेवतो. एसएसडीवर हेड नाही, त्यामुळे पहिलं कारण बरंचसं गेलं. दुसरं कारण, म्हणजे किती वेगवेगळे मेटाडेटा ब्लॉक हाताळावे लागतात हे, तिथेही लागू आहे.

हे सगळं स्वतःच्या मशीनवर दिसतं. रूट पार्टिशन ईएक्सटी४ असेल तर टर्मिनलमध्ये 'एलएस' ही कमांड 'आयडी' पर्यायासह रूटखालच्या सगळ्या नावांवर चालवा, आयनोड नंबर छापले जातील. नेहमीच्या मांडणीत एका ग्रुपमध्ये ८,१९२ आयनोड असतात, म्हणजे १६ ग्रुपच्या गठ्ठ्यात १,३१,०७२. आता नंबर बघा: १,३१,०७३, २,६२,१४५, ३,९३,२१७ असे आकडे दिसतील. प्रत्येक जण एकेका गठ्ठ्यातला पहिला आयनोड. पहिल्या पातळीच्या डिरेक्टऱ्या मुद्दाम लांब फेकल्या गेल्याची ही खूण. मग त्यातल्या एकीच्या आत एक नवी डिरेक्टरी करा आणि तिचा नंबर बघा. ती बहुतेक वेळा आईच्याच गठ्ठ्यात सापडेल. नाही सापडली, तर तो गठ्ठा किती भरलाय ते 'डंपई२एफएस' दाखवतं, दर ग्रुपमागे मोकळे ब्लॉक, मोकळे आयनोड आणि डिरेक्टऱ्यांची संख्या.