वाचा आणि गप्प बसा : लाहोरचा हल्का

लाहोरच्या लेखकांनी आपल्या साप्ताहिक बैठकीला एक कडक शिस्त लावून घेतली. ज्याने कविता किंवा कथा वाचली, त्याने चर्चा चालू असताना तोंड उघडायचं नाही. एखादी ओळ कुणाला कळली नाही, कुणी भलताच अर्थ लावला, कुणी अख्खं कडवं काढून टाकायला सांगितलं, तरी मुकाट ऐकून घ्यायचं. ‘मला खरं तर असं म्हणायचं होतं’ ही सबब तिथे चालत नाही. या मंडळाचं नाव हल्का-ए-अरबाब-ए-जौक, म्हणजे रसिकांचं मंडळ. उर्दू नवकवितेला जी धार आली, तिचं मोठं श्रेय मी या शिस्तीला देतो.

२९ एप्रिल १९३९ रोजी लाहोरात काही मित्र एकमेकांच्या कथा ऐकायला जमले. तेव्हाचं नाव होतं बज्म-ए-दास्तानगोयाँ, कथा सांगणाऱ्यांची मैफल. काही महिन्यांतच कविताही वाचल्या जाऊ लागल्या आणि मंडळाला आजचं नाव मिळालं. त्याच्या तीनच वर्षं आधी लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद झाली होती. साहित्याने समाजासाठी काय करावं, हा त्यांचा प्रश्न होता. हल्क्याने विचारलं, ही समोरची कविता कविता म्हणून उभी राहते का? दोन्ही प्रश्न खरेच होते, आणि पुष्कळ लेखक दोन्हीकडे जात.

बैठकीची रीत साधी आहे. मंडळाला चिटणीस असतो, पण कायमचा अध्यक्ष नसतो. त्या संध्याकाळपुरता कुणीतरी अध्यक्षस्थानी बसतो. चिटणीस आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचतो. मागच्या वेळी कोण काय बोललं, याची त्यात नोंद असते. चुकीचं टिपलं असेल, तर तिथेच हरकत घेता येते. मग वाचन, आणि मग चर्चा. मला ही इतिवृत्ताच्या वहीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण बोललेलं पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, हे माहीत असलेला टीकाकार उगाच ‘वा, छान’ म्हणून सुटत नाही आणि खुन्नसही काढत नाही.

१९४० मध्ये कवी मीराजी या वर्तुळात आले आणि मंडळाचा कणा झाले. खरं नाव सनाउल्लाह दार. मीरा सेन नावाच्या बंगाली मुलीवर जीव जडला, म्हणून त्यांनी तिचं नाव घेतलं. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने बोदलेअर, सॅफो, चंडीदास उर्दूत आणले. ‘अदबी दुनिया’ मासिकात ते एकेक कविता घेऊन तिची उकल करत. त्या लेखांचं पुस्तक ‘इस नज्म में’. कवीचं चरित्र, त्याची मतं, त्याची कीर्ती बाजूला ठेवून फक्त समोरच्या ओळींशी झोंबायचं, ही त्यांची पद्धत हल्क्याच्या चर्चेतही उतरली.

फाळणीनंतर लाहोरचं इंडिया टी हाऊस पाक टी हाऊस झालं आणि हल्क्याच्या मंडळींचा अड्डा बनलं. नासिर काझमी, इंतिजार हुसेन अशी सरहद्द ओलांडून आलेली लेखक मंडळी तिथे बसू लागली. सत्तरच्या दशकात राजकारणापायी मंडळाची दोन शकलं झाली. २००० मध्ये टी हाऊस बंद पडलं आणि २०१३ मध्ये पुन्हा उघडलं.

मीराजी मात्र फाळणीच्या वेळी लाहोरात नव्हते. दिल्लीच्या रेडिओवर काही वर्षं काढून ते मुंबईला आले होते. कवी अख्तर उल ईमान यांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. ३ नोव्हेंबर १९४९ रोजी परळच्या केईएम इस्पितळात ते गेले, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी.

आपल्याकडे गावोगाव साहित्य मंडळं आहेत आणि त्यांत कविता वाचायला माणसं रांगेत उभी असतात. वीस जण वाचतात, टाळ्या पडतात, चहा होतो; कुणाच्या कवितेवर पाच मिनिटंही बोलणं होत नाही. अशा मंडळांत असलेल्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढच्या बैठकीत वीसऐवजी दोनच कविता ठेवा, कवीला गप्प बसवा, आणि एक वही घेऊन कुणाला तरी टिपणं काढायला बसवा.