राखेची कैफियत

कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथपासून भुसावळ, परळी व नाशिकजवळचे एकलहरे येथपर्यंत ज्या औष्णिक वीजकेंद्रांवर महाराष्ट्राच्या दिव्यांची भिस्त आहे, त्या केंद्रांच्या भट्ट्यांत पडणारा देशी कोळसा हा बऱ्याच अंशी दगडमातीच असतो, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कारण त्याच्या वजनाचा शेकडा 30 ते 45 इतका भाग जळतच नाही, राख होऊन मागे उरतो. ही राख म्हणजे निव्वळ उपद्रव, अशी आपली समजूत अनेक वर्षे होती. वस्तुतः भट्टीतून बाहेर पडते ती मोठी गुणी वस्तू असते, आणि तिला केरकचऱ्याची कळा येते ती पुढे, माणसाच्या व्यवस्थेपायी.

भट्टीत शिरण्यापूर्वी कोळसा पिठीसारखा बारीक दळलेला असतो, आणि हवेच्या झोतासरशी आत जाताच त्यातील कार्बन क्षणार्धात जळून जातो. परंतु त्याच्या अंगात दडलेली चिकणमाती, गारगोटीचे कण आणि लोहाची संयुगे ही सुमारे 1400 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत वितळतात, पृष्ठताणामुळे त्यांचे चिमुकले थेंब गोल आकार घेतात, आणि धुराबरोबर वर जाताना ते थेंब इतक्या त्वरेने निवतात की त्यांतील अणूंना स्फटिकाच्या शिस्तबद्ध रांगांत उभे राहण्यास अवधीच मिळत नाही. परिणामी त्यांची काच बनते. सूक्ष्मदर्शकाखाली ही उडती राख पाहिली, तर लहानमोठ्या काचगोळ्यांचा खच पडलेला दिसतो. काही गोळ्या आतून पोकळ व इतक्या हलक्या असतात की पाण्यावर तरंगतात. विद्युत्भाराच्या साहाय्याने धुरातील हे कण पत्र्यांवर ओढून घेणारी यंत्रे ओळीने मांडलेली असतात; पहिल्या ओळीत भरड राख पडते, आणि शेवटच्या ओळीत जी थोडीशी सापडते ती सर्वांत तलम, म्हणून सर्वांत मोलाची.

या राखेतील काच झालेली सिलिका, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य, मोठी अस्वस्थ असते. चुना आणि पाणी यांची गाठ पडताच ती त्यांच्याशी संयोग पावते आणि दगडासारखा कठीण बंध निर्माण करते. इटलीतील पोत्सुओली गावाजवळच्या ज्वालामुखीच्या राखेत रोमन बांधकामकारांना हाच गुण सापडला होता. आपल्याकडेही भाजक्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळून बैलांच्या घाणीवर मळून घेणाऱ्या गवंड्यांना रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसली, तरी प्रक्रिया नेमकी ठाऊक होती. सिमेंटाच्या बाबतीत तर हा योग विशेष जुळून येतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना बाहेर टाकते. तो काँक्रीटच्या मजबुतीत फारशी भर घालत नाही, उलट पाण्याबरोबर हळूहळू झिरपून जातो. राखेचे कण या निरुपयोगी चुन्यालाच धरतात आणि त्याचे बंधकात रूपांतर करतात. ही क्रिया मात्र सावकाश चालते. अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून पाहिलेला राखमिश्रित ठोकळा कधीकधी निव्वळ सिमेंटाच्या ठोकळ्यापेक्षा उणा ठरतो, तर नव्वदाव्या दिवशी तोच त्याच्यावर मात करतो. आणि ज्या मक्तेदाराचे बिल अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दाखल्यावर अवलंबून असते, त्याला हा धीमेपणा गुण वाटत नाही, यात त्याचा फार दोष आहे असे मला वाटत नाही.

धरणांच्या बाबतीत हाच धीमेपणा उपकारक होतो, कारण काँक्रीटच्या प्रचंड राशीत सिमेंटाच्या क्रियेने उत्पन्न होणारी उष्णता बाहेर पडण्यास वाव नसतो आणि धरणाला तडे जाण्याचे भय असते. अमेरिकेत मोन्टाना संस्थानातील हंग्री हॉर्स धरण 1948 ते 1953 या काळात बांधताना फार मोठ्या प्रमाणावर राख वापरली गेली. आपल्या देशात रिहंद धरणाने तो कित्ता गिरवला. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर येथे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे देशातील पहिले धरण उभे राहिले, तेव्हा त्याच्या बंधकात सिमेंटापेक्षा राखेचाच वाटा अधिक होता.

असे असता राख वाया का जाते? पूर्वापार पद्धत अशी, की उडती राख आणि भट्टीच्या तळाशी साचणारी भरड राख एकत्र पाण्यात कालवावी आणि नळांतून दूरच्या राख-बंधाऱ्यात सोडून द्यावी. पाण्याने काचेचा गुण एकाएकी नाहीसा होतो असे नव्हे. परंतु तलम व भरड यांची सरमिसळ झाली, कणांचा एकसारखेपणा गेला आणि वाळविण्याचा खर्च माथी बसला, म्हणजे सिमेंटचा कारखानदार त्या मालाकडे ढुंकूनही पाहत नाही. मग ती राख भरावाला आणि विटांना तेवढी चालते. उन्हाळ्यात तीच वाळून गावांवर उडते, पावसाळ्यात बंधाऱ्याच्या जिवावर उठते. 2022 च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळा येथील बंधारा फुटून राखेचा चिखल शेतांत व ओढ्यांत शिरला होता. पाण्यात कालवल्याने राखेचे मोल उतरते; याच्या अगदी उलट प्रकार लोखंडाच्या मळीचा. ती सावकाश निवली तर खडी होते, पण वितळलेल्या स्थितीतच तिच्यावर पाण्याचा मारा केला तर तिचे काचेचे रवे होतात आणि त्यांपासून सिमेंट करता येते, हे 1862 साली जर्मनीत एमिल लांगेन यांनी दाखवून दिले.

राखेच्या विटेची हकिगत साधी आहे. राख, दगडाची कच, चुना व जिप्सम किंवा थोडे सिमेंट यांचे मिश्रण यंत्रात दाबायचे आणि वीट उतरल्यावर दोन-तीन आठवडे तिच्यावर पाणी मारीत राहायचे. भट्टी नाही, जळण नाही, आणि शेताचा पोयटा खरवडण्याचे पातकही नाही. पाणी मारण्यात हयगय झाली तर मात्र वीट कच्ची राहते आणि कोपरे हातात येतात. गवंड्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ वीट पाडणाऱ्याच्या या हयगयीत असते. चांगली वीट मापात बिनचूक असल्यामुळे माल आणि गिलावा दोन्ही कमी लागतात.

सरकारी फर्माने पुष्कळ निघाली. 1999 च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरांच्या आतील वीटभट्ट्यांना मातीत किमान शेकडा 25 राख मिसळण्याची सक्ती केली. पुढे हे अंतर 100 व नंतर 300 किलोमीटरांपर्यंत वाढले. आणि 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर विनावापर राहिलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये भरपाई बसविली. परंतु राखेची खरी किंमत ट्रकच्या भाड्यात असते. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा, चुनखडी आणि घुग्गुस, गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने एकाच टापूत असल्यामुळे तेथे ग्राहक दारात आहे; इतरत्र तो शोधावा लागतो. शिवाय पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, विटांची यंत्रे निम्मीअधिक बंद पडतात, भट्टीत कोळसा मात्र जळतच असतो. त्या चार महिन्यांची राख कोरडीच राखून ठेवावयाची, तर उंच बंदिस्त कोठारे हवीत, आणि त्यांचा खर्च वीजकेंद्राने सोसावा की राख नेणाऱ्याने, याचा निवाडा होईपर्यंत नळ पुन्हा बंधाऱ्याकडेच वळवला जातो.