पन्नाशीतील जोडीदार : धोक्याच्या खुणा

वैधव्यानंतर अथवा घटस्फोटानंतर पुन्हा संसार मांडण्याचा विचार आता आपल्या समाजातही मोकळेपणाने बोलला जातो. पुष्कळदा मुलेच आईसाठी किंवा वडिलांसाठी स्थळ पाहतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र पंचविशीतील विवाहात सारे घराणे चौकशीला लागते. पन्नाशीत दोघे परस्पर भेटतात आणि चौकशी करणारे कोणी उरत नाही. शिवाय या वयात हाती घर, ठेवी, दागिने, क्वचित दुकानाचा गाळाही असतो.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक गोष्ट ध्यानी आली. अर्जदार काय सांगतो यापेक्षा कागद मागितल्यावर तो कसा वागतो, हे अधिक बोलके असते. जोडीदार निवडतानाही हीच कसोटी उपयोगी पडते.

पहिली खूण घाईची. दोन-तीन भेटींतच लग्नाचा आग्रह धरणाऱ्यास विचारासाठी सहा महिने मागावेत. मनापासून आलेली व्यक्ती थांबते.

दुसरी खूण गुप्ततेची. ‘एवढ्यात मुलांना सांगू नका’ हे वाक्य ऐकताच सावध व्हावे. स्वतःचे घर, पेढी, भावंडे दाखविण्यास टाळाटाळ होत असेल, तर कारण विचारावे. ‘आम्ही वेगळे राहतो’ म्हणजे घटस्फोट नव्हे. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार पहिला जोडीदार हयात असून ते लग्न कायम असेल, तर दुसरे लग्न रद्दबातल ठरते. म्हणून न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री आवश्यक.

तिसरी व सर्वांत गंभीर खूण पैशाची. प्रारंभी रक्कम लहान असते आणि ती परतही मिळते. विश्वास बसला की मोठी मागणी येते. कधी पैसे न मागता केवळ सही मागितली जाते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. नाते तुटले तरी जामीन सुटत नाही.

व्यवसायात एकदा आलेले अपयश, डोक्यावरील कर्ज किंवा बेताची मिळकत हे दोष नव्हेत. ते लपविणे हा दोष. यासाठी दोघांनीही आपापला पतअहवाल एकमेकांसमोर ठेवावा. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. व्यवसायाची जीएसटी नोंदणी चालू आहे की रद्द, हे नोंदणी क्रमांकावरून संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. ऑनलाइन पैसे पाठवून फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

मुलांनीही एक विवेक बाळगावा. प्रत्येक नव्या व्यक्तीकडे मालमत्तेचा वाटेकरी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. विवाहापूर्वीच नोंदणीकृत मृत्युपत्र केल्यास ही भीती पुष्कळ अंशी मावळते. मात्र केवळ नॉमिनीचे नाव घालून समाधान मानू नये. बँकठेवीचा नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही.

व्यापारी माणूस नवा गिऱ्हाईक कितीही गोड बोलला, तरी पहिल्याच दिवशी मोठी उधारी देत नाही, आणि त्यात त्याचा अपमान केला असेही मानीत नाही. आयुष्याच्या या टप्प्यावर विचारलेले प्रश्नही तसेच आहेत. ज्याला ते प्रश्न खुपत नाहीत, त्याच्यासोबत पुढील वीस वर्षे निश्चिंतपणे काढता येतील.