समजून घ्या : टॉर्चच्या सेलमध्ये मँगनीज काय करते? ऑक्सिडीकरण आणि क्षपण सोप्या भाषेत

भंडारा : ‘ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, ऑक्सिजन गेला की क्षपण’ ही व्याख्या दहावीपासून बहुतेकांना पाठ असते. पण रिमोटमधल्या साध्या सेलला ती लावून पाहिली की गाडी अडते. सेल चालताना त्यात बाहेरून ऑक्सिजन जात नाही, तरीही आत ऑक्सिडीकरण सुरू असते. मग तिथे मिळते काय आणि जाते काय? भंडारा जिल्ह्याच्या खाणीतून निघणाऱ्या एका काळ्या खनिजाचा प्रवास पाहिला की याचे उत्तर मिळते.

खाणीतून काय निघते?

तुमसर तालुक्यात ‘मॉईल’ या सरकारी कंपनीच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी आहेत. चिखल्याची खाण भूमिगत, तर डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरी बुजुर्गला मिळणारे मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेल बनवणाऱ्या उद्योगात वापरले जाते. जुना सेल फुटल्यावर हाताला लागणारी काळी भुकटी म्हणजे मुख्यतः हेच संयुग, त्यात मिसळलेला कार्बन आणि क्षारांचा ओलावा.

खरा व्यवहार कशाचा?

इलेक्ट्रॉनचा. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ओढ मोठी असल्याने जुनी व्याख्या बहुतेक वेळा बरोबर ठरते. मात्र इलेक्ट्रॉन ओढणारा ऑक्सिजनच असला पाहिजे असे नाही.

विद्यार्थी अडखळतात ते ‘क्षपण’ या शब्दाशी. शब्दात घट आहे, पण इलेक्ट्रॉन तर वाढतात. इथे घटतो तो ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचा हिशेब ठेवणारा आकडा. इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचा असल्यामुळे तो आला की हा आकडा खाली येतो.

सेलमध्ये काय घडते?

साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. बटण दाबले की जस्ताचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन सोडतो आणि त्याचा अंक ० वरून +२ होतो. हे ऑक्सिडीकरण. ते इलेक्ट्रॉन तारेतून, बल्ब पेटवत, दुसऱ्या टोकाला पोहोचतात. तिथे मँगनीजचा प्रत्येक अणू १ इलेक्ट्रॉन घेतो आणि +४ वरून +३ वर येतो. हे क्षपण.

म्हणजे जस्ताच्या एका अणूमागे मँगनीजचे दोन अणू लागतात. एकाने दिले तेवढेच दुसऱ्याने घेतले. म्हणूनच या दोन्ही क्रिया नेहमी जोडीने होतात आणि त्या जोडीला ‘रेडॉक्स’ म्हणतात.

जुना सेल गळतो का?

इथे जस्त हे भांडेही आहे आणि इंधनही. सेल वापरला जातो तसे भांडे आतून झिजते, पातळ होते आणि शेवटी त्याला छिद्र पडते. त्यामुळे संपलेले सेल रिमोट, घड्याळ किंवा टॉर्चमध्ये तसेच ठेवू नयेत. साधे सेल चार्ज करण्याचा प्रयत्नही करू नये.

एकाच मँगनीजचा प्रवास

डोंगरी बुजुर्ग येथेच मॉईलचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. बॅटरीसाठी लागणारे हे शुद्ध रूप सर्वसाधारणपणे तीन टप्प्यांत बनते. आधी खनिज कोळशासारख्या क्षपणकासोबत तापवतात. मँगनीज +४ वरून +२ वर येते : क्षपण. मग ते सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. अंक +२ च राहतो, म्हणून हे रेडॉक्स नव्हे. शेवटी द्रावणातून वीज सोडली की धन टोकावर शुद्ध मँगनीज डायऑक्साइडचा थर बसतो आणि अंक पुन्हा +४ होतो : ऑक्सिडीकरण. सेलमध्ये गेल्यावर तेच मँगनीज +३ वर उतरते.

पोलादासाठी फेरोमँगनीज बनवताना मात्र भट्टीत कार्बन खनिजातला सगळा ऑक्सिजन काढून घेतो आणि मँगनीज थेट ० वर येते.

पितळेची भांडी आणि चिंच

भंडाऱ्याची जुनी ओळख असलेल्या पितळी भांड्यांवरही हीच क्रिया घडते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. हवेत त्यातले तांबे हळूहळू इलेक्ट्रॉन गमावते आणि भांडे काळवंडते. हे ऑक्सिडीकरण.

चिंचेने घासल्यावर भांडे लखलखते, पण ते क्षपण नव्हे. चिंचेतले टार्टारिक आम्ल काळा थर फक्त विरघळवते, त्यातल्या तांब्याचा अंक बदलत नाही. थर निघाला, खालची धातू उघडी पडली, एवढेच. म्हणून काही दिवसांनी भांडे पुन्हा काळवंडते.

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत ठेवले तर आम्ल आणि हवा मिळून तांबे पदार्थात उतरवतात. तो पदार्थ कळकतो आणि खाल्ल्यास मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हईचा कथलाचा थर अन्न आणि पितळ यांच्यात आड येतो. तो झिजला की पुन्हा कल्हई करून घेणे हाच उपाय.

लक्षात काय ठेवायचे?

अभिक्रिया ओळखताना ऑक्सिजन शोधत बसू नका, आधी अंक मांडा. अंक वाढला तर ऑक्सिडीकरण, कमी झाला तर क्षपण आणि कोणाचाच बदलला नाही तर ती रेडॉक्स अभिक्रिया नाही.