घोड्याच्या पायांत नाल असावी कीं नसावी ?

रस्त्यावरून घोडा येत आहे हें तो दृष्टीस पडण्यापूर्वींच कानांना कळतें. टप् टप् असा जो ठसठशीत आवाज उठतो, तो घोड्याच्या खुराचा नव्हे, खुराखालच्या लोखंडाचा असतो. नाल नसलेला घोडा त्याच रस्त्यावरून गेला तर त्याचा आवाज कितीतरी मऊ आणि दबका येतो. घोडा आणि नाल यांची सांगड लोकांच्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, नालेवांचून घोडा म्हणजे वहाणेवांचून वाटसरू असेंच वाटावें. दाराच्या चौकटीवर शुभ म्हणून ठोकलेली नाल पुष्कळ घरांतून आढळते; परंतु ती ज्या पायासाठीं घडविली त्या पायाला तिची खरोखर गरज असते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. घोडे पाळणाऱ्यांमध्यें, पशुवैद्यांमध्यें आणि नालबंदांमध्यें मात्र हा प्रश्न दोनशें वर्षांहून अधिक काळ वादाचा होऊन राहिला आहे, आणि गेल्या कांहीं दशकांत तर तो विशेष जोरानें पुढें आला आहे. त्याचें उत्तर चुकलें तर त्याचा भोग भोगावा लागतो तो बोलतां न येणाऱ्या जनावराला.

ह्या वादाचा निवाडा करावयाचा तर प्रथम खूर म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. त्या बोटाच्या शेवटल्या हाडाभोंवतीं निसर्गानें जें शिंगासारखें कठीण आवरण घातलें आहे तेंच खुराचें कवच. माणसाचें नख ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचें बनलेलें असतें, त्याच द्रव्याचें हें कवच असतें. बाहेरून दिसते ती खुराची भिंत. पाय उचलून उलटा धरला तर आंत किंचित् खोलगट तळवा दिसतो आणि टांचेकडून मध्यभागाकडे आलेला, पाचरीच्या आकाराचा, रबरासारखा लवचिक भाग दिसतो. इंग्रजींत ह्या भागाला ‘फ्रॉग’ म्हणजे बेडूक असें गमतीचें नांव आहे. भिंत आणि तळवा जेथें मिळतात तेथें फिकट रंगाची एक रेघ असते. नालबंदाचें सारें कौशल्य ह्या रेघेशीं निगडित आहे. खिळा रेघेच्या बाहेरून, भिंतीच्या निर्जीव भागांतून गेला तर घोड्याला त्याची कांहींच वेदना होत नाहीं. तोच खिळा जवभर आंत सरकला तर जिवंत भागाला इजा होऊन घोडा लंगडूं लागतो.

खूर कठीण दिसला तरी तो दगडासारखा स्थिर नाहीं. पायावर भार आला म्हणजे टांचेकडचा भाग किंचित् फांकतो, फ्रॉग आणि त्याच्यावरची मऊ गादी दाबली जाते, आणि पाय उचलतांच सर्व कांहीं पूर्ववत् होतें. धावत्या जनावराच्या पायाला बसणारा हादरा ह्या क्रियेनें पुष्कळसा शोषला जातो व खुरांतील रक्ताच्या हालचालीलाही तिची मदत होते. शिवाय खूर सारखा वाढत असतो. ही वाढ महिन्याला सुमारें ६ ते १० मिलिमीटर इतकी असून, पुढच्या टोकाशीं संपूर्ण भिंत नवी होण्यास साधारणपणें नऊ महिने ते एक वर्ष लागतें. रानांत मोकळ्या हिंडणाऱ्या घोड्याचा खूर चालण्यानें झिजतो आणि तितकाच वाढतो. माणसानें घोड्याला कामाला जुंपलें, त्याच्या पाठीवर ओझें दिलें आणि पायाखालीं खडीचा रस्ता घातला, तेव्हां वाढीपेक्षां झीज अधिक होऊं लागली. नालेचा जन्म ह्या तुटींतून झाला. वाढ आणि झीज यांचा हा जमाखर्च एकदां ध्यानांत आला कीं पुढील बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

प्राचीन काळीं खिळ्यांनीं ठोकलेली नाल सर्वत्र नव्हती. ग्रीक लेखक झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत नालेचा उल्लेख नाहीं. घोड्याचे खूर बळकट व्हावेत म्हणून तबेल्यापुढच्या अंगणांत गोल दगड पसरून त्यांवर घोडा उभा करावा, असा सल्ला मात्र आहे. रोमन लोक घोड्याच्या पायाला लोखंडी तळाची एक प्रकारची पादुका चामड्याच्या पट्ट्यांनीं बांधीत. खिळ्यांच्या नालेचा प्रसार युरोपांत नवव्या ते अकराव्या शतकांच्या सुमारास झाला. ओली हवा, चिखल, तबेल्यांतील मलमूत्रांत तासन् तास उभें राहणें आणि जड ओझीं ह्या सर्वांमुळें तेथील घोड्यांचे खूर मऊ पडत व लवकर झिजत. पुढें अमेरिकेंत हेन्री बर्डन यानें १८३५ सालीं नाल तयार करणाऱ्या यंत्राचा एकाधिकार मिळविला आणि लोहाराच्या ऐरणीवर एकेक घडणारी ही वस्तु कारखान्यांतून भराभर बाहेर पडूं लागली.

महाराष्ट्रांत तर नालेनें राज्यकारभाराच्या भाषेंतही स्थान मिळविलें. मराठेशाहींत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेच्या तयारीसाठीं जी रक्कम आगाऊ देत, तिला नालबंदी म्हणत. स्वारीचा खर्च नालेपासून सुरू होतो, हेंच जणूं त्या शब्दानें नोंदवून ठेविलें आहे. शेतकऱ्याच्या घरींही ही विद्या अपरिचित नाहीं. गाडीच्या बैलांच्या दुभंगलेल्या खुरांना पत्र्या ठोकण्याची चाल ह्याच कारणानें पडली.

नालेविरुद्ध पहिली शास्त्रीय तक्रार पुढें आली ती पशुवैद्यांकडूनच. इंग्लंडांतील ब्रेसी क्लार्क यानें १८०९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कडक लोखंडाच्या कड्यांत अडकविल्यामुळें खुराचें स्वाभाविक फांकणें बंद पडतें आणि कालांतरानें तो आंखडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि त्यावर उपाय म्हणून त्यानें सांध्याची, हलणारी नालही तयार केली. ह्याच हेतूनें चांगला नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागांतच ठोकतो आणि टांचेकडचा भाग मोकळा ठेवितो. क्लार्कच्या काळापासून चाललेल्या ह्या वादाला विसाव्या शतकाच्या अखेरीस नवें वळण मिळालें. जेमी जॅक्सन नांवाच्या अमेरिकन नालबंदानें १९८२ नंतर कांहीं वर्षें पश्चिम अमेरिकेंतील रानटी घोड्यांच्या खुरांचें निरीक्षण केलें आणि १९९२ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. कोणाचीही देखभाल नसतांना रुक्ष, खडकाळ प्रदेशांत मैलोगणती फिरणाऱ्या ह्या घोड्यांचे खूर आंखूड, जाड आणि घट्ट असल्याचें त्याला दिसलें. त्यानंतर अनवाणी घोड्याचा पुरस्कार करणारा एक पंथच युरोप-अमेरिकेंत उभा राहिला.

ह्या पंथाला सर्वांत मोठें बळ मिळालें तें २०२१ सालीं. टोकियो येथें त्या वर्षीं भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेमध्यें स्वीडनच्या संघानें सुवर्णपदक पटकाविलें. त्या संघांतील पेडर फ्रेड्रिक्सन याचा ‘ऑल इन’ आणि हेन्रिक फॉन एकरमान याचा ‘किंग एडवर्ड’ हे दोन्ही घोडे नालेवांचून धावले. फ्रेड्रिक्सननें वैयक्तिक रौप्यपदकही मिळविलें. नालेशिवाय घोडा मोठें काम करूं शकत नाहीं, ही समजूत त्या दिवशीं साऱ्या जगादेखत खोटी ठरली. परंतु त्याच स्वीडनमध्यें दुडक्या चालीच्या शर्यतींत हिवाळ्याच्या दिवसांत घोडा अनवाणी धाववूं नये, असा नियम आहे; कारण त्या ऋतूंत जमीन गोठून धारदार व खरबरीत होते. एकाच देशानें अनवाणी घोड्याला ऑलिंपिकच्या मैदानांत उतरविलें आणि हिवाळ्याच्या धावपट्टीवर मात्र मज्जाव केला, ह्यांत विसंगति नाहीं. जमीन बदलली म्हणून उत्तर बदललें. रानटी घोड्याचा दाखलाही असाच जपून घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांना तेथील रानटी घोड्यांच्या खुरांतही अनेक विकृति आढळून आल्या आहेत. अर्थात् जें नैसर्गिक तें सर्व निर्दोष, असें म्हणतां येत नाहीं.

मग घोड्याच्या मालकानें निर्णय कसा करावा ? पहिला विचार जमिनीचा. मऊ माती, वाळू किंवा गवत असेल तर निरोगी खुराला लोखंडाची गरज क्वचितच पडते. रोज कित्येक मैल खडीवरून किंवा डांबरावरून जावयाचें असेल तर झीज वाढीच्या पुढें जाते आणि संरक्षण द्यावेंच लागतें. परंतु गुळगुळीत फरशीवर हेंच लोखंड घसरतें, हें विसरतां कामा नये. माथेरानचें उदाहरण बोलकें आहे. त्या डोंगरावर मोटारींना बंदी असल्यामुळें माणसांची आणि सामानाची ने-आण करण्यांत घोड्यांचा मोठा वांटा राहिला आहे. तेथील तांबड्या मातीच्या वाटांवर ठोकळ्यांची फरसबंदी होऊं लागली, तेव्हां अशा फरशीवर उतारांत घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांनीं तक्रार केली. तो वाद २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें होता. रस्ता बांधणाराला जी सुधारणा वाटते ती घोड्याच्या पायाला संकट ठरूं शकते.

दुसरा विचार कामाचा. आठवड्यांतून दोनदां फेरफटका करणारा घोडा आणि दिवसभर स्वार किंवा ओझें वाहणारा घोडा यांना एकच माप लावतां येत नाहीं. तिसरा विचार खुराचा. कांहीं घोड्यांची भिंत जाड आणि तळवा खोलगट असतो, तर कांहींची भिंत पातळ आणि तळवा सपाट असतो. दुसऱ्या प्रकारच्या घोड्याला खडा चटकन् बोंचतो. खुराच्या विकारांत पशुवैद्य जी विशेष आकाराची नाल सुचवितात, ती तर औषधासारखीच मानावी. घोड्याच्या वजनापैकीं सुमारें ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुष्कळ मालक फक्त पुढच्या पायांना नाल ठोकून मागचे पाय मोकळे ठेवितात. हा मध्यम मार्ग अनेकदां उत्तम ठरतो.

चौथा विचार हवेचा. कोंकण-सह्याद्रीच्या पावसाळ्यांत खूर पाणी पिऊन मऊ होतो, खिळ्यांचीं भोकें सैल पडतात, आणि फ्रॉगच्या खांचेंत चिखल साठून दुर्गंधीयुक्त सड लागते. उन्हाळ्यांत तोच खूर कोरडा पडून तडकतो. अशा हवेंत नाल असो वा नसो, रोज खूर साफ करणें आणि घोड्याला उभें राहण्यास कोरडी जागा देणें अत्यावश्यक आहे. पांचवा विचार आहाराचा. भरमसाट दाणा किंवा अति कसदार हिरवें गवत खाल्ल्यानें खुराची भिंत आणि आंतील हाड यांना जोडणारा नाजुक भाग सुजतो. घोड्याला उभें राहणेंही असह्य होतें. अशा घोड्याच्या नुसत्या नालेवर विचार करणें म्हणजे छप्पर गळत असतां भिंतीला रंग देणें होय.

एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. नाल काढली कीं नालबंदाचा खर्च वांचला, असें पुष्कळांना वाटतें. नालेच्या घोड्याची नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनीं काढून, वाढलेला खूर छाटून, पुन्हां बसवावी लागते. नालेखालीं खूर झिजत नाहीं, तो वाढतच राहतो, आणि ह्या कामांत दिरंगाई झाली तर पायाचा कोन बिघडून सांधे व स्नायुबंध ताणले जातात. अनवाणी घोड्याचाही खूर तितक्याच नियमानें कानशीनें घांसून आणि तोल पाहून नीट ठेवावा लागतो. देखभाल दोन्हीकडे सारखीच आहे. जो मालक ती करणार नाहीं त्याचा घोडा दोन्ही रीतींनीं दुःख भोगील.

तसेंच, वर्षानुवर्षें नाल घातलेल्या घोड्याची नाल आज काढून उद्यां त्याला खडीवर नेणें हा शुद्ध निर्दयपणा आहे. खिळ्यांनीं भोकें पडलेली भिंत वाढून निघून जाण्यास आणि तळवा घट्ट होण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर काम हलकें ठेवावें, आरंभीं मऊ जमिनीवर चालवावें, आणि कठीण रस्त्यावर जाणें भागच असेल तर काढतां-घालतां येणारे रबरी बूट वापरावेत. घोडा आपली तक्रार शब्दांनीं करीत नसला तरी चालीनें करितो. तो पावलें आंखूड टाकूं लागतो, खडी दिसतांच बिचकतो, रस्ता सोडून कडेच्या गवतावर जाऊं पाहतो, उभा असतां एक पाय पुढें टाकून त्याला विसांवा देतो. हीं चिन्हें दिसूं लागलीं कीं आपला पंथ कोणता हें विसरून पशुवैद्याला बोलावणें हाच शहाणपणा होय. भारतांत तर १९६० सालच्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें आजारी, जखमी किंवा अशक्त जनावराला कामाला लावणें हा गुन्हा ठरविला आहे. लंगडणाऱ्या घोड्यावर स्वार होणाराला, मग तो मालक असो वा हौशी पर्यटक, ह्याचा विसर पडतां कामा नये.

सारांश, नाल ही अनिवार्यही नाहीं आणि पापही नाहीं. तें एक हत्यार आहे, आणि प्रत्येक हत्याराप्रमाणें त्याचा लाभ आणि त्याची किंमत दोन्ही मोजावीं लागतात. खुराची वाढ झिजेला पुरी पडते तेथें लोखंड नको. पडत नाहीं तेथें तें नाकारणें हा हट्ट होय. एकदां घेतलेला निर्णयही कायमचा नसतो. ऋतु पालटला, रस्ता पालटला, काम वाढलें किंवा घोड्याचें वय झालें कीं तो पुन्हां तपासावा लागतो. त्यासाठीं मोठ्या ग्रंथाची आवश्यकता नाहीं. रोज सकाळीं चारही पाय एकेक करून उचलावेत, खांचेंतील माती काढावी, भिंतीवरून हात फिरवून ऊन लागतें काय तें पाहावें, आणि नंतर घोड्याला कठीण जमिनीवरून दहा पावलें चालवावें. ज्याच्या घरीं हा नेम चुकत नाहीं, त्याच्या घोड्याच्या पायांत नाल असली काय आणि नसली काय, तो घोडा सुखानें चालतो.